बागेतनं वाट

बागेतलं गवत मशीननं कापलं, की त्या ओल्या वासाबरोबर मला नगरपालिकेतली एक दुपार आठवते. बाग होण्याआधी ते आमचं शेत होतं. ते रीतसर नगरपालिकेकडे गेलं, मागचा ओढ्याकाठचा तुकडा तेवढा आमच्याकडे राहिला. त्या पावसाळ्यात ओढ्यानं त्याचा बांध फोडला आणि माती वाहून जायला लागली. नवा बांध घालायला दगड न्यायचे, तर ट्रॅक्टरला बागेतूनच वाट होती. वडील धुतलेली टोपी घालून साहेबांपुढे उभे राहिले. साहेबांनी पाणी दिलं आणि साधंच विचारलं, “म्हणजे बागेतून दगड नेणार?” “बागेतनं न्हाई सायब, माज्या वावरातनं.” वर पंखा फिरत राहिला. मग वडिलांनी टोपी सारखी केली. “व्हय, बागेतनं,” ते म्हणाले. परवानगी लगेच मिळाली. मला तेव्हा राग यायला हवा होता, पण आला नाही. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरच्या चाकांखाली हिरवळ चेपत होती, तरी वडील मात्र कडेच्या फरशीवरूनच चालले. परवा फिरताना माझा पाय गवतावर पडला आणि वॉचमनची शिट्टी वाजली. मी मागे वळूनही न बघता फरशीवर आलो.