एका धारेनं सोड

आमच्यात आईला याडी म्हणतात आणि देवीलाही याडीच. त्यामुळे देवीशी मी कधी जपून बोलले नाही, घरच्यासारखी भांडूनच बोलले. पण गेल्या वर्षी भांडायचंही बळ राहिलं नव्हतं. नातू कॉलेज सोडून नेरजवळच्या आमच्या तांड्यावर आला आणि भिंतीकडे तोंड करून पडला. जेवण सुटलं, बोलणं सुटलं. जन्मला तेव्हा आम्ही त्याला पोरगी समजलो, नावही पोरीचंच ठेवलं. ते इथं लिहीत नाही, त्याला ऐकवत नाही. एकदा मी त्याच्या डोक्याला तेल लावत होते, तर हळूच म्हणाला, "दादी, मी पोरगी नाही वो. कधीच नव्हतो." मी तेल चोळत राहिले, एवढंच.

माझ्या मुलानं, म्हणजे त्याच्या बापानं, वेगळाच अर्थ काढला. "हिले काहीतरी लागलं," म्हणाला. ढाणकीकडे एक भगत आहे, तो अंगातलं भूत उतरवतो, असं कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं होतं. उतरवलं की लगेच सोयरीक करायची. मी नारळ आणि तूप पिशवीत घेतलं आणि मनात म्हटलं, याडी, हे बरोबर का चूक, मला उमजत नाही. तूच काय ते दाखव.

यवतमाळच्या स्टँडवर बस बदलायची होती. मुलगा चौकशीच्या खिडकीकडे गेला आणि इकडे लेकराचा श्वास अडकायला लागला. हातपाय थरथर, ओठ पांढरे. "अंगात आलं वाटते," म्हणत दोन बाया लांब सरकल्या. मी पदरानं वारा घालत याडीला हाका मारत होते. शेजारच्या बाकावर एक बाई डबा खात होती. तिनं डबा झाकला, हात पुसले, आमच्यासमोर फरशीवरच बसली आणि विचारलं, "बेटा, तुले काय नावानं हाक मारू?"

श्वास ओढत तो म्हणाला, "रोशन."

ते नाव मीही पहिल्यांदाच ऐकत होते.

"बरं, रोशन. माह्याकडं बघ. तळपाय फरशीवर दाब. आता श्वास हळूहळू सोड, रोशन." प्रत्येक वाक्यात नाव घेत होती बाई. श्वास जागेवर आल्यावर तिनं सरळच विचारलं, "मरून जावं असं वाटते का?" असं कोणी तोंडावर विचारतं का? पण लेकरानं हो म्हणून मान हलवली आणि मग रडला. घरी आल्यापासून पहिल्यांदा रडला.

बाई सरकारी दवाखान्यात समुपदेशक होती, मनानं खचलेल्यांशी बोलायचं तिचं काम. मला म्हणाली, "मावशी, हा पोरगा म्हणते स्वतःले, तर पोरगाच आहे. त्याच्यात उतरवण्यासारखं काही नाही. जिवाले जे भ्याव बसलं, त्याच्यावर इलाज आहे. आत्ताच चला माह्यासंग. आज त्याले एकटं सोडू नका."

तेवढ्यात मुलगा धावत आला. "याडी, ऊठ, बस लागली!"

"मी नाही येत. अन् हाही नाही येत."

"हा? तूही पागल झाली का हिच्यासंग?"

"झाली समज. मले लेकरू जित्तं पाहिजे. तुले भगत पाहिजे तर जा, तुह्यातलंच काय ते उतरवून ये."

रागारागानं तो बसमध्ये चढला. पुढच्याच थांब्यावर उतरून घरी गेला, हे मागाहून कळलं.

आम्ही दोघं बाईसंग गेलो आणि त्या दिवसापासून दवाखान्याच्या वाऱ्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. बाई त्याच्याशी बोलायची, कधी मलाही बसवून घ्यायची. माझ्या तोंडून अजून 'ती' निघायचं. "सुधरवा अन् पुढं चला, मावशी, रडत नका बसू," म्हणायची. लेकरू भाकर खायला लागलं. बाप मात्र त्याच्याशी एक शब्द बोलत नव्हता.

दिवाळीत घरी भोग, म्हणजे याडीचा नैवेद्य, होता. गोवऱ्यांच्या विस्तवावर चुरमा ठेवून तूप सोडायचं; ज्वाला उठली की याडीनं घेतलं. हे काम पुरुषांचं. आम्ही बाया डोकं झाकून मागं उभ्या. मुलानं तुपाची वाटी उचलली आणि मी मागून म्हटलं, "रोशन, पुढं बस." मुलानं वाटी खाली ठेवली आणि दारात जाऊन उभा राहिला.

रोशन बसला. भीत भीत थेंब थेंब तूप सोडू लागला. नुसता धूर. "याडी घेत नाही वाटते," कोणीतरी पुटपुटलं. इथं नकार मिळाला तर हे लेकरू पुन्हा भिंतीकडं वळेल. मी डोळे मिटले. याडी, माझ्यानं होतं तेवढं झालं, आता तूच पाहा.

मग दारातून आवाज आला. "थेंब थेंब काय घालतो? एका धारेनं सोड, रोशन."

ज्वाला हातभर उठली.

विस्तव होता, तूप होतं, ज्वाला उठणारच, असं म्हणणारे म्हणोत. मी भांडत नाही. मी दाखव म्हटलं, तर याडीनं डबा खात बसलेली बाई दाखवली. घरातलं बाकीचं मी याडीवरच सोडलं, तर दारातून तो आवाज आला. त्या दिवशी स्टँडवर त्या बाईचा अर्धा डबा तसाच राहिला होता, ते माझ्या डोळ्यापुढून जात नव्हतं. म्हणून प्रसादाचा पहिला वाटा तिचा काढला. बापानं तो डब्यात भरला आणि रोशन यवतमाळला घेऊन गेला.