पाठमोऱ्या बाई

विश्रांतवाडीत नातीला कोडिंगच्या क्लासला सोडायचो. 'पालकांनी आत डोकावू नये' अशी पाटी होती, म्हणून दारातच बसून डोकावायचो. बाईंचं नाव मी कधी विचारलं नाही. मुलं त्यांना नुसतं 'मिस' म्हणत. पडद्यावरच्या रोबोला डावं-उजवं सांगत घरी पोहोचवायचं, एवढाच खेळ. पण रोबोचं तोंड आपल्याकडे असलं, की मुलं हमखास चुकायची. मग तो भिंतीवर आपटून परत पहिल्या चौकोनात यायचा.

"आधी त्याच्यासारखं उभं राहा, मग सांगा," बाई म्हणायच्या.

मधेच त्यांचा फोन वाजायचा. घरी नवरा एकटा, दृष्टी नुकतीच गेलेली. बाई मुलांकडे पाठ करून डोळे मिटून घ्यायच्या. "अहो, उठलात? पुढे या. आता डावीकडे. हात लावा, दार आहे." बोलता बोलता त्यांचाही हात पुढे झालेला असायचा.

मग क्लास काही दिवस बंद राहिला. पुन्हा सुरू झाला तेव्हा फोन वाजेना. मी विचारलं, "साहेब बरे आहेत ना?"

"गेले." बाई वायर गुंडाळत राहिल्या. "त्या दिवशी मुलं दंगा करत होती. मी त्यांच्याकडे तोंड करूनच फोनवर सांगत होते. बाथरूम डावीकडे, मी उजवीकडे सांगून बसले. उजवीकडे जिना होता."

आत कुणाचा तरी रोबो भिंतीवर आपटला आणि निमूट पहिल्या चौकोनात येऊन उभा राहिला. मुलं हसली. बाई मात्र त्या चौकोनाकडे बघत राहिल्या.