उस्तादांनी खोडलेलं नाव

फुटबॉलचा सामना चालू असताना उस्ताद चेंडूकडे फारसे बघत नसत. बीडच्या आमच्या कॉलेजात ते प्रशिक्षक होते, पण त्यांना ‘सर’ कोणीच म्हणत नसे. चेंडू एका टोकाला असला की त्यांची नजर दुसऱ्या टोकाला रिकाम्या उभ्या पोरावर. “चेंडू सगळ्यालाच दिसतो,” ते म्हणत. “ज्याच्याजवळ न्हाई, त्यो काय करतोय ते बघावं.”

रागावले तरी आवाज चढत नसे. चुकलेल्याच्या खांद्यावर हात टाकून मैदानाला एक फेरी मारायचे. फेरीत बोलणं खेळाचं कमी, घरचंच जास्त. माझे आईवडील ऊसतोडीला गेले की मी पाली या आमच्या गावात एकटा असायचो. त्या दिवसांत माझा डबा उस्तादांच्या घरून यायचा.

ते निवृत्त झाले, तेव्हा नवा प्रशिक्षक निवडायला संस्थेने त्यांनाच बसवलं. उमेदवार तिघे : पुण्याचा एक पदवीधर, फौजेतून परतलेला एक हवालदार आणि मी. प्रत्येकाने पोरांचा सराव घेऊन दाखवायचा होता. माझा छान झाला. बघणारे सगळे तसंच म्हणाले.

त्याच संध्याकाळी उस्ताद स्कूटरवरून पालीला आले. आईने दिलेलं पाणी प्यायले आणि तिच्यासमोरच मला म्हणाले, “हवालदाराला घेतलं. तुझं नाव मीच खोडलं. दुसऱ्याकडून कळू नये म्हणून आलो.”

“कावून, उस्ताद?”

“शिकवलंस लई चांगलं. पण घडीघडी माझ्याकडं बघत होतास. उद्या मी तिथं नसणार हाय.”

पुढे सिरसाळ्याच्या एका शाळेत मला काम मिळालं. तिथे पोरांचा संघ उभा केला. उस्तादांना कितीदा बोलावलं, पण ते गुडघ्यांचं निमित्त सांगत. हळूहळू मी बोलावणं सोडलं.

ते गेल्यावर त्यांच्या घरी बसायला गेलो. त्यांची मुलगी म्हणाली, “अब्बा एकदा गेलते की तुमच्या शाळेकडं.” एसटीने गेले, रस्त्याच्या कडेला उभं राहून सगळा सराव पाहिला आणि आल्या पावली परतले. मला हाक का मारली नाही, असं तिने विचारलं होतं. “हाक मारली असती, तर परत माझ्याकडंच बघत बसला असता,” ते म्हणाले होते. त्या दिवशी ते जेवताना खूप बोलत होते, खुशीत होते.

दिवस कोणता, ते तिला आठवेना. सिरसाळ्याच्या मैदानावरची एकेक संध्याकाळ मी मनात धुंडाळतो. त्या दिवशी मी पोरांवर ओरडत होतो, की त्यांच्याबरोबर हसत होतो, हे सांगणारं आता कोणी नाही.