धोंडूबापूचं जांभळं तोंड

भूत, करणी, देवऋषी... यातलं काही मी मानत नाही. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट उचलत वर आलेला माणूस आहे मी. समोरचा काय बोलतो, यापेक्षा त्याच्या पिशवीत काय आहे ते आधी बघतो. तेव्हा पुढचं वाचून मला खुळ्यात काढू नका.

२००४ च्या आसपासची गोष्ट. मढजवळ, धरणाच्या पाण्याकाठी मी सहा बंगले बांधले. सांडपाण्याची खास सोय केली – आधी सेप्टिक टँक, तिथून पाणी खडी-वाळूच्या वाफ्यात, वाफ्यात कर्दळ लावलेली, आणि गाळलेलं पाणी शेवटी शोषखड्ड्यात. तालुक्यात तेव्हा कोण करत होतं एवढं? तरी खालच्या अंगाला राहणारा धोंडूबापू गावभर सांगत सुटला, "ह्याच्या संडासाचं पाणी माझ्या हिरीत उतारतंय." त्याच्या घरानं विहिरीचं पाणी तोंडाला लावणंच सोडलं.

गिऱ्हाइकं बिथरली. टाकी बुजवावी लागली तर बंगल्यांत राहणार कोण? माझं सगळं त्यात अडकलेलं.

मीच पंचांना म्हणालो, "टाकीत रंग टाकू. हिरीत उतारला, तर टाकी मी सोता बुजवतो. न्हाई उतारला, तर बापूनं समद्यांसमोर त्याच हिरीचं पाणी प्यायचं."

ओतूरहून कपड्याचा जांभळा रंग आणून मी टाकीत ओतला. पंचांनी विहिरीवर माणूस बसवला. पंधरवडा गेला, पाणी काचेसारखं.

भर दुपारी सगळे विहिरीवर जमले. मीच पोहरा ओढून तांब्या भरला.

"प्या बापू. लई गोड हाय म्हणं, माझ्या संडासाचं पाणी!"

लोक हसले. बापूची सून पुढं आली. "भाऊ, म्हातारं माणूस हाय. जाऊ द्या की आता."

"बोलताना न्हवतं का म्हातारं?"

बापू माझ्याकडे बघत गटागटा प्याला. काहीतरी बोलायला तोंड उघडलं – आणि हसणं थांबलं. ओठ, दात, जीभ... सगळं जांभळं. तांब्यात उरलेलं पाणी मात्र स्वच्छ. तेच मी तिथल्या तिथं प्यालो, जीभ काढून सगळ्यांना दाखवली. कसलाही रंग नाही.

"पुडी धरली आसंल थेरड्यानं!" मी त्याचा जबडा धरला, तोंडात बोट फिरवलं. काही नव्हतं. बोटाला रंगसुद्धा लागला नाही.

"टाकी बुजवा, राव," पंच म्हणाले.

"ठरलं काय व्हतं? हिर बघा की!"

"हिर बघितली. आता आमी माणूस बघतोय."

टाकी बुजवली. बंगले ओस पडले. कर्दळ तेवढी माजली.

बापूच्या तोंडाचा तो रंग काही गेला नाही. राखेनं घासलं, लिंबू चोळलं... वर्षभरानं तो वारला, तेव्हा मी मुद्दाम गेलो. सुनेनं त्याच्या तोंडात पाणी घातलं. ओठाच्या कोपऱ्यातून ते ओघळलं, स्वच्छ. पांढऱ्या कापडावर पडलं आणि जांभळं झालं. माझ्या डोळ्यांदेखत.

मी सुनेला बाजूला घेतलं. "तेवढं कापड मला द्या. पुण्याला तपासून घेतो. बदल्यात याच्यापेक्षा भारी आणून देतो."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "आता तरी सोडा त्यास्नी, भाऊ."

कापड दिलं नाही. हा प्रकार काय होता, मला आजही सांगता येत नाही. पुरावा होता – तो त्यांनी बापूबरोबर जाळला.