शंभर सह्यांची गावसभा

गावच्या कार्यालयात शिपाई म्हणून लागले तेव्हा त्यांना चारचौघांसारखं नाव होतं. सव्वीस वर्षांत ते पगारपत्रकापुरतं उरलं. गाव त्यांना सहीमामा म्हणतं.

कारण साधं आहे. गावसभेला शंभर माणसं हजर हवीत, असा नियम. येतात वीस-पंचवीस, तीही अध्यक्षांच्या शेजारपाजारची. मग सभा उरकली की मामा हजेरीचं रजिस्टर कापडी पिशवीत घालतात आणि घरोघरी निघतात. सभा तासाभरात संपते, तिची हजेरी भरायला चार दिवस लागतात. कुणाची सही दारात होते, कुणाची गोठ्यात, कुणाची दुचाकीच्या सीटवर. कुणाचे हात पिठात असले तर मामा हात धुऊन होईपर्यंत थांबतात. सभेत काय ठरलं, हे कुणी विचारत नाही. विचारलं असतं तरी मामांना सांगता आलं नसतं. सभा चालू असते तेव्हा ते आतल्या खोलीत चहा गाळत असतात.

यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं. मामांना तर अभिमान होता. आजवर एका घराने सहीला नाही म्हटलं नव्हतं. एकमेकांचं तोंड न पाहणारे दोन भाऊसुद्धा लागोपाठच्या ओळींवर सही करत.

या खेपेला मात्र गुडघ्यांनी संप पुकारला. तीन दिवसांत सह्या झाल्या बावन्न, आणि शनिवारी रजिस्टर वरच्या कचेरीत जायचं होतं. शुक्रवारी दुपारी मामी म्हणाल्या, "अहो, घरं कशाला पालथी घालताय? पोरं संध्याकाळी मैदानावर एका जागी सापडतात. त्यातली बरीच यंदा अठराची झालीत. कोऱ्या सह्या आहेत."

मामा मैदानावर गेले. व्हॉलीबॉल ऐन रंगात आला होता. पंच होती टेलरिंगवाल्या बाईंची मुलगी. शिट्टी सदा गळ्यात, म्हणून तिला सगळे शिट्टीच म्हणत.

"शिट्टे, खेळ थांबव जरा. सरकारी काम आहे."

"मामा, चोवीस-चोवीस आहे. सरकारला म्हणावं दोन पॉइंट थांब."

सरकार थांबलं. मग मामांनी रजिस्टर उघडून तिच्या हातात पेन दिलं. "या ओळीवर कर. आणि ठसठशीत कर, पहिलीच सही आहे."

शिट्टीने सही केली नाही. आईच्या दुकानात मापं लिहायचं काम तिचं. कापडाला कात्री लावण्याआधी माप दोनदा वाचायचं, ही तिथली शिस्त. तिने एक पान मागे उलटलं आणि मोठ्याने वाचलं, "ठराव क्रमांक चार. खेळाच्या मैदानाची जागा खताच्या गोदामासाठी देण्यात यावी. हजर शंभर. सर्वानुमते मंजूर."

चेंडू घरंगळत कुंपणापर्यंत गेला. आणायला कुणी धावलं नाही.

"कुठलं मैदान?" एका उंच पोराने विचारलं.

"गावात दुसरं आहे का रे, लंब्या?" शिट्टी म्हणाली. "मामा, म्हणजे आम्हीपण याला हो म्हटलंय?"

"तशी लिहायची पद्धत आहे गं."

"पण शंभर हजर, आणि सह्या बावन्न?"

"म्हणून तर मी हिंडतोय!" मामा म्हणाले, आणि आपण काय बोललो ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं.

शिट्टी अजून पानं चाळत होती. "मागच्या वर्षीच्या सभेला तुम्ही पहिलेच हजर आहात. त्या दिवशी तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं ना? मी आणि आई तुम्हाला बघायला आलो होतो."

"डोळ्याला पट्टी बांधून ठराव पास केला मामांनी," लंब्या म्हणाला. सगळे हसले. मामाही हसले, पण अर्ध्यावर थांबले.

सही कुणीच केली नाही. उद्धटपणाही केला नाही. पाणी दिलं, रस्त्यापर्यंत सोडायला आले. सव्वीस वर्षांत न मिळालेला नकार एका संध्याकाळी अठरा जणांकडून मिळाला.

खरं तर काम अडलं नव्हतं. जुन्या गल्लीत तासाभरात अठ्ठेचाळीस सह्या मिळाल्या असत्या. तिथे वाचत कुणी नाही. मामा जुन्या गल्लीत गेलेही. पहिलं घर निवृत्त पोस्टमनचं. ते चष्मा न लावताच पेन मागू लागले.

"आधी ऐका," मामा म्हणाले, आणि त्यांनी ठराव वाचला.

"मैदान देताय? मग माझा नातू खेळणार कुठे, माझ्या डोक्यावर?"

समोरची दूधवाली दारात येऊन कडाडली, "गोदाम हवंच! खतासाठी अकरा किलोमीटर जाते मी. तुमचा नातू जातो का?" मामांनी आशेने पेन पुढे केलं. "छे, मी कुठे सभेत होते? मला विचारलं असतं तर चार गोष्टी सुनावल्या असत्या."

पाचव्या घरापर्यंत गल्लीचे दोन तट पडले. नवी सही एकही झाली नाही. उलट तिघांनी जुनी सही खोडायला लावली.

शनिवारी अध्यक्षांनी रजिस्टर पाहिलं. "मामा, तुम्हाला सह्या आणायला पाठवलं होतं की भाषण करायला? बावन्नचे एकोणपन्नास कसे होतात?"

सचिवांनी मान वर न करता सांगितलं, "शंभर नाहीत, तर सभा झालीच नाही. पुन्हा घ्यावी लागेल."

"संध्याकाळपर्यंत भरून आणा," अध्यक्ष मामांना म्हणाले. "निवृत्तीला अकरा महिने राहिलेत. जाता जाता मेमो घेऊ नका."

सव्वीस वर्षांत मामांना उशिराचा शेरासुद्धा मिळाला नव्हता. पण ते म्हणाले, "द्या साहेब. फक्त कारण नीट लिहा. शिपायाने लोकांना ठराव वाचून दाखवला, म्हणून."

अध्यक्षांनी हे वाक्य मनातल्या मनात कागदावर लिहून पाहिलं असावं. मेमो निघाला नाही. सभेची नवी तारीख निघाली.

शिट्टीने अर्ज दिला, सभा संध्याकाळी सहाला घ्या, कॉलेजची आणि कामावरची माणसं साडेपाचला परततात. अर्ज नाकारायला कारण सापडलं नाही. माणसं आली एकशे सतरा, खुर्च्या होत्या एकेचाळीस. दूधवालीने चारच्या जागी दहा गोष्टी सुनावल्या. शिट्टीने उभं राहून कबूल केलं, "अकरा किलोमीटरचं आम्हाला माहीत नव्हतं. गोदाम हवं. पण मैदानावरच कशाला?" लंब्याने सुचवलं, कार्यालयामागे मोडका टँकर वर्षानुवर्षं पडलाय, तो हलवून तिथे बांधा.

"पोराला उंचीइतकीच अक्कल आहे की!" दूधवाली म्हणाली.

मतं मोजायची वेळ आली तेव्हा सचिव गडबडले. मोजायची वेळ कधी आलीच नव्हती. शेवटी लोक दोन बाजूंना उभे राहिले आणि मामा मधून मोजत गेले. गोदाम टँकरच्या जागी म्हणणारे सत्तर, मैदानावरच म्हणणारे सेहेचाळीस.

"एकशे सोळाच होतात," शिट्टी म्हणाली. "मामा, तुमचं मत?"

"मी मोजणारा आहे."

"गावातलेही आहात ना?"

मामा घुटमळले आणि सत्तरांत जाऊन उभे राहिले. एकाहत्तर. अध्यक्ष सेहेचाळिसांत होते. ते म्हणाले, "ठीक आहे. पण टँकर खेळाडूंनी हलवायचा." खेळाडूंनी टाळ्या वाजवल्या. चारही टायर बसलेत, हे त्यांनी अजून पाहिलं नव्हतं.

सचिवांनी ठराव वाचून दाखवला, मग रजिस्टर टेबलावर उघडं ठेवलं. सहीसाठी रांग लागली. मामांना कुठे जायचं नव्हतं. रांगेत मामी निघाल्या. त्यांनी सावकाश, ठळक सही केली आणि पेन नवऱ्याच्या हातात दिलं.

"बघून ठेवा. इतकी वर्षं तुम्हीच माझी सही ठोकत होतात. खरी अशी असते."

"हळू बोल गं. बरं, होतीस कुठे? मला दिसली नाहीस."

"सेहेचाळिसांत."

"काय? सल्ला देऊन मला मैदानावर पाठवलंस आणि मत मैदानावरच्या गोदामाला?"

"मग? त्या टँकरला दोरी बांधून माझं धुणं वाळतं," मामी म्हणाल्या. "आता दोरी कुठे बांधायची ते सांगा, नाहीतर पुढच्या सभेत विचारीन."