गच्चीवरच्या टाकीतलं गाणं

गाणं सुरू करणारे जगात पुष्कळ भेटतील, पण गाणं न संपवण्यात माझ्या डोंबिवलीच्या मावसभावाचा हात धरणारा कोणी झाला नाही. ऐंशीच्या दशकात, आम्हा बाकीच्या भावंडांना भावगीतं पुरत होती तेव्हा, या गृहस्थाने कुठून तरी जुनी इलेक्ट्रिक गिटार पैदा केली आणि एकच गाणं रचायला घेतलं. ते रॉक आहे, असं तो म्हणे. त्यात शब्द जवळजवळ नव्हतेच. वागळे इस्टेटमधल्या ज्या कारखान्यात तो डब्यांची झाकणं पाडायचा, तिथल्या प्रेसचा ठेका त्याने गाण्याला दिला होता. तारांवर कधी चमचा घासायचा, कधी मावशीची पुरणाची चाळण. ऐकायला बसलेला माणूस मध्ये उठून दाढी करून आला तरी त्याचं काही चुकत नसे. कॅसेटची एक बाजू गाण्याच्या मध्येच संपायची. "बाजू उलटताना खटका होतो ना, तो मी गाण्यातच धरलाय," असं तो मला गंभीरपणे समजावी.

अर्थ विचारायची सोय नव्हती. समोरच्या काकांनी एकदा धीर करून विचारलं, "हे नक्की कशाबद्दल आहे रे?" त्यावर हा नम्रपणे म्हणाला, "काका, संपल्याशिवाय कसं कळणार?" आणि संपत तर नव्हतं. शेवट त्याने हरतऱ्हेचे करून पाहिले. हळूहळू विरणारा, दाणकन थांबणारा, एक तर चक्क शिंकेवर संपणारा होता. एकही पसंत पडेना. आम्हाला हसू येई, पण मावशीचा जीव टांगणीला लागला होता, कारण चिरंजीवांनी जाहीर केलं होतं, "गाणं पुरं झाल्याशिवाय बोहल्यावर चढणार नाही." कल्याणचं एक चांगलं स्थळ तेवढ्यासाठी खोळंबलं होतं. मुलीने निरोप धाडला होता, थांबते, पण म्हातारी होईपर्यंत नाही. मावशी देवापुढे हात जोडायची, "याचं ते जे काय आहे, ते एकदाचं संपू दे रे बाबा."

मग त्याला घुमणाऱ्या आवाजाचा ध्यास लागला. बिल्डिंगच्या गच्चीवरची पाण्याची टाकी धुऊन रिकामी ठेवली होती, त्या दुपारी हा एका मित्राला घेऊन आत उतरला. मित्र ठाण्याच्या कोळीवाड्यातला. ड्रम नव्हता, म्हणून तो टाकीच्या भिंतीच बडवणार होता. सेलवरचा टेपरेकॉर्डर शिडीला अडकवला, गिटारचा स्पीकर तळाशी ठेवून त्याची वायर गच्चीवरच्या प्लगला जोडली, आणि मला वर राखणीला बसवलं. घरी सांगितलं होतं विठ्ठलवाडीला जातो म्हणून, कारण टाकीत उतरू कोण देणार! आता, पंपाची किल्ली असायची तळमजल्यावर राहणाऱ्या मावशीकडेच. टाकी धुऊन झाली, म्हणून तिने नेहमीप्रमाणे पंप सुरू केला.

पाइपातून धो धो पाणी कोसळलं. "आरं, पानी आयलं! भायेर चल!" मित्र ओरडला. "थांब रे, हाच आवाज पाहिजे होता मला!" हा म्हणाला आणि वाजवतच राहिला. आत पाणी, पाण्यात विजेची वायर! माझी पाचावर धारण बसली. मी प्लग उपटला, तशी गिटार गप्प झाली. मग जिन्यात वाकून मावशीला हाका घातल्या. पंप बंद करून ती धापा टाकत वर आली आणि टाकीच्या तोंडात डोकं घालून अशी ओरडली की भिंती दणाणल्या. "अरे मेल्या, बस कर आता! बाहेर ये बघू. ये रे बाळा!" घोटाभर पाण्यात उभ्या असलेल्या त्याने वर बघत गिटार खांद्यावरून उतरवली. मग मित्राला म्हणाला, "संपलं. टेप बंद कर." मावशी रडतही होती आणि वर आलेल्या लेकाच्या पाठीत धपाटेही घालत होती. माझा जीव भांड्यात पडला. गाणं खरंच संपलंय हे कळल्यावर अख्ख्या बिल्डिंगचा पडला. पुढच्याच मुहूर्तावर लग्न लागलं.

मावशी गेली त्यानंतरच्या दिवाळीत मी त्याच्याकडे गेलेलो असताना त्याने ती कॅसेट लावली. मध्ये वहिनींनी उठून सवयीने बाजू उलटली. "आता तरी अर्थ सांग," मी म्हटलं. "शेवटपर्यंत ऐक," तो म्हणाला. प्रेसचा ठेका झाला, चमचा झाला, पाणी आलं, गिटार थांबली. मग टाकीतून मावशीची हाक घुमली, "ये रे बाळा!" आणि केस पिकायला लागलेला माझा मावसभाऊ "आलो गं" म्हणत खुर्चीतून उठला.