सगळ्या मुली एकशे साठ

पंचबाई निर्णय देताना कधी कारण सांगत नसत; चुकल्या तर मात्र आवर्जून सांगत. डाव संपला की मास्क कपाळावर सरकवून त्या सरळ खेळाडूकडे जात. "मगाचचा बॉल बाहेर होता. मी स्ट्राइक दिला, चुकले. निर्णय बदलणार नाही, पुढचा नीट बघेन." एवढं बोलून खिशातल्या छोट्या ब्रशने बॅटरच्या पुढ्यातली, जमिनीत बसवलेली प्लेट झाडायला वाकत. पुण्यात चूक कबूल करणारा माणूस मुळात दुर्मीळ, त्यातून पंच. भांडायच्या तयारीने आलेल्यांची फार निराशा व्हायची.

कोथरूडच्या ज्या शाळेत मी खेळ शिकवतो, तिथे मुली बेसबॉल खेळतात हे शेजारच्या सोसायटीला पहिली काच फुटल्यावर कळलं. बाई येरवड्याहून स्कूटरवर यायच्या, पायांशी पॅडची पिशवी. टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या, तरुणपणी स्वतः खेळलेल्या. "नियम पाठ असणं वेगळं आणि पोरीच्या गुडघ्याकडे बघणं वेगळं, सर," असं त्या म्हणायच्या. ते खरंही होतं. प्लेटवरून जाणारा बॉल बॅटरच्या गुडघ्यापासून छातीच्या मध्यापर्यंत कुठेही असला आणि तिने सोडला, तरी तो स्ट्राइक. असे तीन झाले की बाद. म्हणजे प्रत्येकीची चौकट वेगळी. उंच मुलीची मोठी, बुटक्या मुलीची लहान.

तीन वर्षांपूर्वी आंतरशालेय स्पर्धेत ही चौकट आखणारं यंत्र आलं. कॅमेरा बॉल बघणार, पंचाच्या कानातलं बटण "स्ट्राइक" किंवा, चौकटीबाहेर गेला तर, नुसतं "बॉल" म्हणणार, पंचाने ते मोठ्याने सांगायचं. यंत्राचा निर्णय अंतिम, असा नियम झाला आणि त्यावर बाईंनीही सही केली. उद्घाटनाला पाहुण्यांनी यंत्राला कुंकू लावलं, ते नेमकं लेन्सला लागलं. मग ते पाऊण तास शिस्तीवर बोलले. आले होते तासभर उशिरा. भाषण संपल्यावर बाईंनी विचारलं, "उद्घाटन झालं असेल तर त्याचा डोळा पुसू का?"

बाई रुसतील अशी आमची अटकळ होती. "चष्मा लावते तेव्हा कुठे माझा अपमान होतो?" त्या म्हणाल्या. उलट सराव सामन्यांत त्या आधी स्वतः निर्णय द्यायच्या आणि मग यंत्राशी ताडून बघायच्या. एकदा गंभीर चेहऱ्याने माझ्याकडे आल्या. "सर, बाहेरच्या कडेचे बॉल मी इतकी वर्षं उगाच स्ट्राइक देत आलेय. कोणी बोललं कसं नाही?" मी दोनदा बोललो होतो. दोन्ही वेळा मला मैदानाबाहेर बसवण्यात आलं होतं.

अंतिम सामन्यात आम्ही एका धावेने मागे होतो. शेवटचा डाव, दोघी बाद (तिसरी झाली की खेळ संपला), बरोबरीच्या धावेसाठी तिसऱ्या बेसवर आमची एक मुलगी आणि बॅट सायलीच्या हातात. सायली संघातली सर्वांत लहान. शाळेचा टी-शर्ट तिला गुडघ्यापर्यंत यायचा. पहिला बॉल तिच्या खांद्यापाशी आला. तिने सोडला. स्ट्राइक. दुसराही तसाच. पुन्हा स्ट्राइक, पण या वेळी बाईंचा आवाज खाली गेला होता.

"बाई, हा खांद्याशी होता," सायली म्हणाली.

बाईंनी हात वर करून खेळ थांबवला आणि त्या यंत्राच्या टेबलाकडे निघाल्या. आयोजक धावत आले. "अहो बाई, यंत्राचा निर्णय अंतिम आहे! सही केलीय तुम्ही."

"निर्णय कुठे तपासतेय? सामन्याआधी बॅट तपासते, तसं यंत्र तपासतेय."

यंत्र चालवणाऱ्या तरुणाने पडदा दाखवला. चौकट उंचीवरून ठरत होती आणि उंची प्रवेशअर्जावरून घेतली होती. आमच्या संघाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच आकडा होता : एकशे साठ, एकशे साठ, एकशे साठ. अक्षर माझं होतं.

"सर, या पोरी साच्यातून काढल्यात का?"

"बाई, शेवटचा दिवस होता. घाई होती."

"घाई तुमची, स्ट्राइक तिचे."

मग मोजायची टेप आली. दोन्ही संघांतल्या मुली शूज काढून भिंतीला उभ्या राहिल्या. सायली एकशे अडतीस भरली. पडद्यावर तिची चौकट खाली सरकली, लहान झाली.

"आणि ते आधीचे दोन?" मी हळूच विचारलं.

"दिलेत. राहतील."

तिसरा बॉल बरोबर गुडघ्याशी आला. माझ्या एकशे साठच्या चौकटीत तो खाली गेला असता आणि सायली वाचली असती. खऱ्या चौकटीत तो स्ट्राइक होता. तिने सोडला. बाईंनी "आऊट!" म्हटलं आणि आम्ही हरलो.

मी तिची समजूत घालायला शब्द शोधत होतो. तीच म्हणाली, "सर, हा माझाच होता. मारायला हवा होता." तेवढ्यात बाई मास्क वर सरकवून आल्या. "आधीचे दोन तुझे नव्हते. मी पहिल्यालाच थांबायला हवं होतं, चुकले." सायलीने मान डोलावली आणि विचारलं, "बाई, मला माझी चौकट बघायला मिळेल?" टेबलापाशी उभं राहून दोघींनी ती बराच वेळ पाहिली. बक्षीस समारंभ चालू झाला होता, पण त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं.

पुढच्या वर्षी गुडघ्यांनी बाईंना वाकू देणं बंद केलं आणि त्या साताऱ्याला लेकीकडे राहायला गेल्या. जाताना टेप माझ्या हातात ठेवली. "ब्रश मी नेते. हिची गरज तुम्हाला आहे."

तेव्हापासून अर्ज भरायचे दिवस आले की त्यांचा फोन येतो. नमस्कार वगैरे नाही, थेट "मोजल्यात?" यंदा मी फोन येण्याआधीच मोजून ठेवल्या होत्या. "बाई, सायली एकशे एक्कावन्न!"

"वा!" मग म्हणाल्या, "म्हणजे तेव्हा खांद्याशी आलेला बॉल आता तिच्या छातीशी येणार, तो तिला सोडता यायचा नाही. आजच सांगा तिला."